साखरेची नोंद

मार्च आला की आमच्या नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तळहातांचे फोटो यायला लागतात. कुणाची दहावी, कुणाची बारावी. तळहातावर चमचाभर दही, त्यावर साखर, आणि खाली सगळ्यांचे आशीर्वाद. यंदा माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीची दहावी आहे. मी इथे पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन बसले होते. बाहेर रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ, त्याखालून वाहणारं मळकट पाणी. आशीर्वाद टाइप करायला घेतला आणि अंगठा थांबला. गेल्या मार्चपासून मला असे फोटो धड बघवत नाहीत.

इथला मार्च मोठा विचित्र महिना. हिवाळ्यातून उठलेला, पण वसंतात अजून न बसलेला. रात्री गोठतं, दुपारी वितळतं. याच दिवसांत मेपलच्या झाडांत रस चढतो, म्हणून शेतकरी खोडांना नळ्या ठोकून खाली बादल्या लावतात. तो रस उकळून पाक करतात आणि या दिवसांना साखरेचा हंगामच म्हणतात. गेल्या वर्षी दर बुधवारी मी तासभर गाडी चालवत त्या बादल्या बघत जायचे. कुठे एखाद्या लाकडी खोपटाच्या धुराड्यातून वाफ निघत असायची आणि काच थोडी खाली केली की गोडसर, जळकट वास आत यायचा. गुऱ्हाळाची आठवण यावी असा, पण नेमका तो नाही. जात होते तुरुंगात, गणित शिकवायला.

अठ्ठावीस वर्षं मी विमा कंपनीत काम केलं. कुठला माणूस किती जोखमीचा, हे आकड्यांवरून ठरवायचं, त्याची सूत्रं बसवायची, हे माझं काम. रिटायर झाल्यावर नवऱ्याने, अविनाशने, बागेत मन रमवलं. माझं मन कशातच रमेना, कारण मला मुळात चौकशा करायची खोड. शेवटी लायब्ररीतल्या एका बोर्डावर वाचलं, की कैद्यांना शाळेच्या समकक्ष परीक्षेसाठी गणित शिकवायला माणसं हवीत. अविनाश म्हणाला, बागेत तण काढ, तिथे कशाला नाक खुपसतेस. पण मला जायचंच होतं. सेवाबिवा सगळं नंतरचं. आत काय असतं ते मला बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी नजरेत भरलं ते वेगळंच. घरापासून गेटपर्यंतच्या त्या तासाभरात गोठे, चर्चं, ट्रॅक्टरची दुकानं, एक जुना पूल, सगळं दिसलं, पण काळा माणूस एकही दिसला नाही. गेटवरचे गार्ड गोरे, ऑफिसातल्या बायका गोऱ्या, निम्म्यांची आडनावं गावातल्या दुकानांच्या पाट्यांवरची. आणि माझ्या वर्गात बारा जण बसलेले, त्यातले नऊ काळे. फिलाडेल्फियाकडचे, पिट्सबर्गकडचे, इतक्या लांबून या डोंगरात आणून ठेवलेले. ज्या मुलखात हे लोक राहतच नाहीत, तिथे ते मला एका खोलीत सापडत होते. हे असं कसं, असं मी मला आत-बाहेर नेणाऱ्या, सोबतच्या तुरुंगातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुरुंग इथे आहे ना, म्हणून. हे काही उत्तर झालं का?

वर्गाला फरशीच्या पॉलिशचा वास यायचा. पेनं पारदर्शक, रेडिओसुद्धा पारदर्शक, आत काही लपवता येऊ नये म्हणून. मला आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून सगळे ‘मिस के’ म्हणायचे. माझ्या प्रत्येक ‘का’ला तिथे कारण होतं. च्युइंगम का न्यायचं नाही? कुलपात भरतात. मध्येच सगळे उभे का राहतात? मोजणी. एकाच प्रश्नाला मनाई होती: तुम्ही आत कशामुळे आलात? ट्रेनिंगमध्ये तीनदा बजावलं होतं. माझ्यासारखीला हा उपासच होता.

पार्कर पहिल्या बाकावर बसायचा. त्रेपन्न वर्षांचा, काळा, उंच, चष्म्याची एक काडी टेपने चिकटवलेली. आकडे इतके बारीक काढायचा की मला वाकून बघावं लागायचं. कागद पुरवून वापरायची सवय. इतर तीन विषय पास, गणितात दोनदा नापास. त्याचं घोडं अपूर्णांकावर अडलेलं. मग मी माझ्या वडिलांची पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, काढली. एकाचा पाव, दोनाचा अर्धा, तिनाचा पाऊण, चाराचा एक, असं इंग्रजीत चाल लावून म्हणवून घ्यायला लागले. बाकीचे हसले, पार्कर हसला नाही. त्याने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. आमच्या भाषेत सव्वा, दीड, अडीच असे सरळ शब्दच आहेत, हे कळल्यावर त्याने विचारलं, बावीस आणि अर्ध्याला काय म्हणता? मी सांगितलं, साडेबावीस. त्याने तो शब्द चारपाच वेळा घोळवला आणि म्हणाला, ही माझी शिक्षा. किमान साडेबावीस, कमाल पंचेचाळीस. किमान मे महिन्यात संपत होती. त्याच महिन्यात, कैद्याला आता सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या पॅरोल मंडळासमोर त्याची पहिली सुनावणी होती आणि हातात परीक्षेचं सर्टिफिकेट असावं म्हणून तो जिवाचं रान करत होता.

त्याने काय केलं होतं ते मी घरी येऊन शोधलं. मनाई विचारायला होती, वाचायला नव्हती. एकतिसाव्या वर्षी पिस्तूल घेऊन दुकानात दरोडा, दुकानदार जखमी.  माझ्यासमोर ‘पाऊण अधिक पाव’ करणारा हा माणूस आणि तो माणूस, एकच. दुकानदाराचंही काहीतरी आयुष्य असेल, खांदा अजून दुखत असेल. तरी बुधवारी गेलेच. साडेबावीस वर्षांत माणसात किती पाणी वाहून जातं, याचं सूत्र आमच्या कंपनीत नव्हतं.

त्याच्या शेजारी मिलर बसायचा. पंचविशीचा, गोरा, तोंडभर वांग, सतत पाय हलवणारा. गोळ्यांच्या व्यसनापायी घरं फोडली होती, हे त्याने न विचारता स्वतःच सांगून टाकलं होतं. तो त्याच भागातला. शिफ्टच्या ऑफिसरने त्याच्या थोरल्या भावाबरोबर शाळेत फुटबॉल खेळलेला. ऑफिसरही भला माणूस होता हं. माझ्या कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा दर वेळी चौकशी करायचा, दार धरून ठेवायचा.

परीक्षा गुरुवारी होती आणि बुधवारी त्याआधीचा माझा शेवटचा तास. वाटेत पेट्रोल भरायला थांबले, कॉफी घेतली, आणि काउंटरवरच्या वाडग्यात साखरेच्या कागदी पुड्या दिसल्या. मला नागपूरचं घर आठवलं, दाराशी वाटी घेऊन उभी असलेली आई आठवली. दही नेणं शक्य नव्हतं, एवढी अक्कल मला होती. खाण्याचे पदार्थ आत नेऊ नका, हेही पाठ होतं. पण चिमूटभर साखर म्हणजे काय खाणं झालं? तो शकुन झाला. ही माझी अक्कल. परीक्षेला बसणारे दोघंच होते, पार्कर आणि मिलर. दोन पुड्या स्वेटरच्या खिशात टाकल्या. गेटवरच्या यंत्राला कागद आणि साखर कुठून कळणार?

तास संपताना मी दोघांना उजवा हात पुढे करायला सांगितला आणि एकेक पुडी ठेवली. उद्या खोलीतून निघताना खा, आमच्याकडे असंच करतात, म्हणाले. मिलरने हसून खिशात टाकली. पार्करने पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पुडीकडे. मला वाटलं, गहिवरला. मी स्वतःवर खूश होऊन निघाले. येताना त्या धुराड्यांकडे बघत गुणगुणत होते, हे आठवलं की आज अंगावर काटा येतो.

पुढच्या बुधवारी पार्करची जागा रिकामी. पास झाला असेल, आता कशाला येईल, असं मी मनात म्हणते तोच मिलर उठून जवळ आला. तो पास झाला होता, निरोप सांगायला आला होता. पार्कर परीक्षेला बसलाच नव्हता. मी गेल्यावर नेहमीची झडती झाली आणि दोघांकडेही पुड्या सापडल्या. मिलरची पुडी ऑफिसरने कचऱ्यात टाकली आणि दोन शब्द सुनावले. पार्करवर लेखी आरोप ठेवला. साखरेपासून आत चोरून दारू करतात, म्हणून साखर हा गंभीर माल. त्याला तिथूनच एकांतकोठडीत नेलं, तीस दिवसांसाठी.  खडू खाली ठेवला आणि मी सोबतच्या बाईंना सांगितलं, मला आत्ताच्या आत्ता ऑफिसात न्या.

ऑफिस कुंपणाबाहेरच्या इमारतीत होतं. अधिकारी बाई उठून उभ्या राहिल्या, बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं: पुड्या मी आणल्या, मी दिल्या, चूक माझी. त्यांनी मान डोलावली, ही प्रामाणिक चूक आहे, आपल्या संस्कृतीचा आम्हाला आदर आहे, एवढंच म्हणाल्या आणि दोन तासांचं ट्रेनिंग पुन्हा करायला सांगितलं. मग कॉफी मागवली. कॉफीबरोबर एक वाडगा आला, त्यात त्याच कागदी साखरेच्या पुड्या. मी त्या वाडग्याकडे बघत राहिले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दोघांना दोन न्याय का, असं मी विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. यात कुणाच्या रंगाचा प्रश्न नाही, फॉर्म आहे, गुण आहेत. पार्करच्या नावावर जुन्या नोंदी होत्या: एक जादा ब्लँकेट, दोनदा मोजणीला उशिरा उभा राहिला, एकदा उलट बोलला. मिलरच्या नावावर एकही नाही. फॉर्म जे सांगतो ते आम्ही करतो. आणि गंमत बघा, मला ते पटलं! अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं? मागची नोंद बघायची, पुढची जोखीम ठरवायची. मी कॉफी संपवून घरी आले.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी हे सांगितलं तेव्हा निखिल, पुण्याचा एक हुशार इंजिनिअर, म्हणाला, “काकू, पण डेटा काही रेसिस्ट नसतो ना, यार.” अगदी हेच वाक्य मी एकेकाळी मीटिंगमध्ये बोलले होते. कुणीतरी म्हणालं, काहीतरी केलं असल्याशिवाय का कुणी आत जातं. सगळ्यांच्या हातात श्रीखंडाच्या वाट्या होत्या आणि विषय लगेच ग्रीन कार्डावर गेला. मीही माझं श्रीखंड संपवलं.

निखिलच्या वाक्याचं उत्तर मिलरने दिलं, पुढच्या तासाला. तो पुस्तकं परत करायला आला होता, काही सांगायला मुद्दाम नव्हे, त्याला आतून टोचत असावं. पाय हलवत, टेबलाकडे बघत म्हणाला, “मिस के, माझ्या कोठडीत ख्रिसमसला खरीखुरी दारू सापडली होती. अर्धी बाटली. त्यांनी ती ओतून दिली आणि म्हणाले, पुन्हा करू नकोस.”

म्हणजे नोंदच नाही. जे लिहिलं नाही ते घडलं नाही. मी वर्गात उभी होते आणि मला माझी सगळी सूत्रं एकामागून एक आठवत होती. कोण कुणाच्या भावाबरोबर फुटबॉल खेळला, कुणाला बघून पेन उचललं जातं आणि कुणाला बघून नुसतं बोट दाखवून सोडलं जातं, याचा रकाना माझ्या एकाही फॉर्ममध्ये नव्हता. ऑफिसर वाईट नव्हता, बाई वाईट नव्हत्या, फॉर्ममध्ये रंगाचा उल्लेख नव्हता. तरी माणूस एकच एकांतकोठडीत गेला, आणि तो कोण असेल हे मी आधीच सांगू शकले असते. हे जास्त भयंकर की कमी, हे मला अजून ठरवता येत नाही.

यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावी माझं लहानपण गेलं. मी नऊ वर्षांची असताना शेजारच्यांचा तांब्याचा हंडा गेला. जमादार कुणाला काही न विचारता थेट पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, गेला आणि दोघांना धरून आणलं. चौकी आमच्या शाळेच्या वाटेवर होती. आतून आवाज येत होते, आम्ही पोरी दप्तरं छातीशी धरून पळालो. चार दिवसांनी हंडा सापडला. शेजारच्यांच्याच सुनेने तो माहेरच्या लग्नाला नेला होता. वडिलांनी जमादाराला विचारलं, तुम्ही आधी तिकडेच का गेलात? तो म्हणाला, त्यांची नोंद आहे ना. इंग्रजांनी त्यांच्यावर जन्मतः गुन्हेगार असा ठप्पा मारला होता. कायदा गेला, ठप्पा राहिला. त्या दोघांची माफी मागायला कुणी गेलं का, असं मी जेवताना विचारलं तर आई म्हणाली, गप जेव. मी जेवले. मग घरच्यांबरोबर नागपूरला येऊन शिकले, अमेरिकेत आले, आणि नोंदींवरून माणसं तोलायची नोकरी आनंदाने केली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला मला सदुसष्ट वर्षं लागली, याची लाज वाटते.

एप्रिलभर मी पत्रं लिहीत होते. तुरुंगाला एक, पॅरोल मंडळाला दोन. साखर माझी होती, हे मी तिन्हीत पहिल्याच वाक्यात लिहिलं. मंडळाकडून पत्र मिळाल्याची छापील पोच आली. रस्त्याकडेच्या बादल्या कधीच काढून झाल्या होत्या, सफरचंदांना फुलं आली होती. मी अविनाशवर विनाकारण खेकसत होते. मेच्या शेवटी सोबतच्या बाईंकडून कळलं: पार्करची सुनावणी झाली, पॅरोल नाकारला. कारणं दोन. शिक्षण अपूर्ण, आणि अलीकडची शिस्तभंगाची नोंद. एक वर्षाने पुन्हा.

जूनमध्ये पुन्हा परवानगी मिळून तो वर्गात परत आला. बारीक झाला होता, चष्म्याची टेप नवी होती. मी माफी मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती. “माझी चूक होती आणि भोगलंत तुम्ही,” एवढंच मी म्हणाले आणि रडू आलं.  मग वहीतून त्याने घडी घातलेला गुलाबी कागद काढून माझ्यासमोर ठेवला. आरोपपत्राची कैद्याला मिळणारी प्रत. तारीख, वेळ, वस्तू: मद्यनिर्मितीसाठी लागणारा माल. कुठून मिळाला, या रकान्यात लिहिलं होतं, माहीत नाही.

मी तर ऑफिसात बसून सगळं सांगितलं होतं. तीन पत्रं लिहिली होती. मी हे दुरुस्त करून घेते, म्हणत मी उठलेच.

“नको,” तो म्हणाला. “दुरुस्तीसाठी माझी फाइल पुन्हा उघडतील. उघडली की काहीतरी वाढतंच.”

मी बसले. तरी माझी खोड जाईना. मी विचारलं, साखर आत चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं, मग घेतलीत का? तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला नव्हता. हे इतकं साधं मला अजून कळलेलं नाही, याचंच त्याला नवल वाटत असावं.

“बाहेरून आलेल्या बाईला नाही म्हटलं, तर तेही लिहिलं जातं. उद्धट वागला म्हणून,” तो म्हणाला. “तुम्ही पहिल्या दिवसापासून मला शंभर प्रश्न विचारलेत, मिस के. त्या दिवशी एकच विचारायला हवा होता. हे घेतलेलं तुम्हाला चालेल का?”

मग त्याने वही उघडली आणि म्हणाला, टक्केवारीपासून सुरू करू या.

ऑक्टोबरमध्ये तो पास झाला, चांगल्या मार्कांनी. आता तो इतरांना अपूर्णांक शिकवतो, माझ्यापेक्षा शांतपणे. साडेबावीस वर्षं संपून दहा महिने झाले. येत्या मेमध्ये त्याची फाइल पुन्हा मंडळापुढे जाईल. तिच्यात आता सर्टिफिकेट आहे, ब्लँकेट आहे, साखर आहे. मी मात्र त्या फाइलीत कुठेच नाही.